१० नॅनोमीटरच्या लेड टायटनेटमध्ये डोमेन दिसत नाहीत. ध्रुवण संपलं का?

जाड फिल्ममध्ये पीएफएमला (टोकदार प्रोबने ध्रुवण वाचणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला) डोमेन, म्हणजे एकाच दिशेच्या ध्रुवणाचे भाग, दिसतात आणि लेड टायटनेटची १० नॅनोमीटरची फिल्म कोरी दिसते, मग ध्रुवण (धन-ऋण प्रभार एकमेकांपासून सरकलेले असणं) संपलं का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यावरून ध्रुवण संपलं असं म्हणू नका. १० नॅनोमीटर म्हणजे सुमारे २५ एकक पेशी (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत छोटा घटक). स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या आधारावर लेड टायटनेट ३ पेशींच्या जाडीपर्यंत फेरोइलेक्ट्रिक (स्वतःचं ध्रुवण टिकवणारं) राहतं, हे २००४ मध्येच दिसलंय.

खाली इलेक्ट्रोड आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही, आणि सगळं अडतं तिथेच.

नसेल, तर पृष्ठांवरच्या प्रभारामुळे विध्रुवण क्षेत्र (ध्रुवणाच्या विरुद्ध दिशेचं विद्युतक्षेत्र) तयार होतं आणि ते मोडायला वर-खाली ध्रुवणाच्या पट्ट्या पडतात. पट्ट्या अरुंद झाल्या की क्षेत्राची ऊर्जा घटते, पण पट्ट्यांमधल्या भिंती (डोमेनच्या सीमा) वाढतात आणि त्यांनाही ऊर्जा लागते. पातळ फिल्ममध्ये भिंतीची उंचीच कमी, म्हणून जास्त भिंती परवडतात. हिशेबात रुंदी जाडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येते. हाच किटेलचा नियम. २००२ च्या मोजमापात ४२ नॅनोमीटर जाडीला २४ नॅनोमीटरचं आवर्तन (वर-खाली पट्ट्यांच्या एका जोडीची रुंदी) मिळालं होतं. त्यावरून तुमच्या फिल्मचं आवर्तन १२ च्या आसपास, म्हणजे एकेक डोमेन जेमतेम ६ नॅनोमीटर. प्रोबच्या टोकाची त्रिज्याच २०-३० नॅनोमीटर असते. शेजारच्या उलट्या पट्ट्या एकमेकींचा सिग्नल खोडतात.

खाली स्ट्रॉन्शियम रुथेनेटचा विद्युतवाहक इलेक्ट्रोड असेल, तर तो प्रभार झाकतो आणि अख्खी फिल्म एकाच डोमेनची असू शकते. मग कोरं चित्र खरंच बरोबर आहे. खात्रीसाठी प्रोबला डीसी व्होल्टेज देऊन एका चौकोनातलं ध्रुवण उलटवा आणि मग वाचा. पण जपून: १० नॅनोमीटरवर १ व्होल्ट म्हणजे सेंटिमीटरला १००० किलोव्होल्ट. जाड फिल्म वाचायला वापरलेलं एसी व्होल्टेज तसंच ठेवलंत, तर वाचता वाचता डोमेन उलटवून बसाल. आणि दमट पावसाळ्यात पृष्ठभागावर पाण्याचा थर असतोच. त्यात अडकलेला प्रभारही डोमेनसारखाच दिसतो. कोरड्या नायट्रोजनमध्ये मोजा, काही तासांनी परत पाहा. कॉन्ट्रास्ट विरला तर तो बहुधा प्रभार.

पट्ट्यांची पक्की खूण क्ष-किरणांत मिळते. ००२ परावर्तनाच्या (स्फटिकाच्या थरांवरून येणाऱ्या एका क्ष-किरण शिखराच्या) दोन्ही बाजूंना, फिल्मच्या प्रतलाच्या दिशेने, फिकट उपशिखरं शोधा. मुख्य शिखरापासूनच्या अंतराने २π ला भागलं की आवर्तन: ०.०५४ प्रति अँगस्ट्रॉम म्हणजे सुमारे ११.६ नॅनोमीटर. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर ही फार मंद येतात. नाहीच दिसली तर इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरणांच्या स्रोतावर) बीमटाइम, म्हणजे मोजमापाची वेळ, मागा.