दारूच्या व्यसनावरील औषधांचे संशोधन : पहिल्या वर्षी काय करावे

रुजू होताच नवा रेणू शोधण्याची घाई तुम्ही करू नका. डायसल्फिराम, तसेच अमेरिकेत १९९४ मध्ये या व्यसनासाठी मान्यता मिळालेले नाल्ट्रेक्सोन आणि २००४ मधले अकॅम्प्रोसेट ही जुनी औषधे आधी नीट समजून घ्या.

नवख्यांची नेहमीची चूक अशी, की उंदराने दारू कमी प्यायली म्हणजे औषध सापडले असे ते मानतात. त्याच उंदराने अन्न आणि साखरपाणीही कमी घेतले का, त्याची हालचाल मंदावली का, हे तपासल्याशिवाय मला निकाल दाखवू नका, कारण पेंगुळलेला उंदीर काहीच पीत नाही. (मीही एकेकाळी असाच फसलो होतो.)

दुसरे म्हणजे, रुग्णांवरील औषध-चाचण्यांत नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण दिसायला तशीच, गोळी घेणारेही बरेच सुधारतात. युरोपातील अनेक चाचण्यांत उपयोगी ठरलेले अकॅम्प्रोसेट २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, १३८३ रुग्णांच्या अमेरिकी ‘कंबाइन’ चाचणीत प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही. म्हणून रुग्ण कोण होते आणि औषध सुरू होण्यापूर्वी किती दिवस दारूपासून दूर होते, हे प्रत्येक शोधनिबंधात आधी पाहा.

जनुकांनुसार औषध निवडण्याचा विषय मोहक असला, तरी तूर्त बाजूला ठेवा, आणि आठवड्यातली एक सकाळ व्यसनमुक्ती विभागात रुग्णांचे ऐकण्यात घालवा.