कंट्री संगीतातली एकच गायिका ऐकायची तर कोणती, आणि ती कोण होती?

तुम्ही विचारलंय की हिंदी-मराठी गाण्यांवर वाढलेल्या माणसाने अमेरिकेतल्या कंट्री संगीतातली, म्हणजे तिथल्या खेड्यापाड्यांतल्या लोकगीतांतून आलेल्या संगीतातली, एकच गायिका ऐकायची ठरवली, तर कुणाला ऐकावं आणि तिचं आयुष्य कसं होतं. माझं उत्तर लोरेटा लिन. डॉली पार्टनचं नाव तुमच्या कानावर आलं असेल. पॅट्सी क्लाइनचा आवाज तर लोरेटापेक्षा मोठा, हे मलाही मान्य आहे. तरी मी लोरेटाच सांगेन. धुणं-भांडी करताना बायका एकमेकींशी हळू आवाजात जे बोलतात, ते तिने माइकसमोर उभं राहून खणखणीत म्हटलं, आणि ज्या नवऱ्याबद्दल म्हटलं तो अनेकदा तिथेच पडद्यामागे उभा असायचा.

मी सहा वर्षं टेनेसीत, नॅशव्हिलजवळ राहत होते. तिथे रेडिओवर, गॅरेजमध्ये, किराणा दुकानात हेच संगीत. पहिलं वर्षभर मला सगळी गाणी सारखीच वाटायची. मग एकदा लोरेटाच्या शब्दांकडे लक्ष गेलं आणि मी तिच्यात अडकले.

लोरेटा वेबचा जन्म 14 एप्रिल 1932 चा. केंटकी राज्याच्या पूर्वेला डोंगरात व्हॅन लिअर नावाचं कोळशाच्या खाणीचं गाव आहे, त्याच्या जवळच्या बुचर हॉलोमधला. हॉलो म्हणजे दोन डोंगरांमधली चिंचोळी घळ. तिकडची माणसं त्याला 'हॉलर' म्हणतात आणि लोरेटाही शेवटपर्यंत हॉलरच म्हणायची. आठ भावंडांत ती दुसरी. वडील रात्री खाणीत, दिवसा मक्याच्या शेतात. फटींतून गार वारा येऊ नये म्हणून आईने लाकडी भिंतींवर जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं चिकटवलेली होती. त्यातल्या एका पानावर लोरेटा यंग या नटीचं चित्र होतं, त्यावरून पोरीचं नाव ठेवलं. उन्हाळाभर मुलं अनवाणी, आणि थंडी आली की डुक्कर विकून आलेल्या पैशातून कॅटलॉगमधले बूट टपालाने यायचे.

लग्नाची गोष्ट तिथल्या लोकांना पाठ आहे. गावात मुलींनी केलेल्या 'पाय'चा लिलाव होता. पाय म्हणजे फळं-बिळं भरून भाजलेला गोड पदार्थ. सैन्यातून परतलेल्या ऑलिव्हर लिन नावाच्या तरुणाने बोली लावून लोरेटाची पाय घेतली, आणि तिच्यात साखरेऐवजी मीठ पडलेलं निघालं! महिन्याभरात, 10 जानेवारी 1948 ला दोघांचं लग्न झालं. तो एकवीस वर्षांचा, ती पंधरा. आत्मचरित्रात तिने आपलं तेव्हाचं वय तेरा सांगितलंय. 2012 साली जुने कागद समोर आले आणि पंधरा हे खरं वय कळलं. त्यावरून तिला खोटारडी म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. पंधराव्या वर्षी संसारात पडलेल्या मुलीचं बालपण त्या दोन वर्षांच्या फरकाने काही मोठं होत नाही.

नवऱ्याला सगळे 'डू' म्हणत. तो तिला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅनडाच्या सीमेजवळच्या कस्टर या लाकूडतोड्यांच्या वस्तीत घेऊन गेला. विशी गाठेपर्यंत तिला चार मुलं झाली होती. लोकांचे कपडे धुणं, स्ट्रॉबेरी तोडायला जाणं, हे चालूच. मुलांना निजवताना ती गायची. ते ऐकून डूला वाटलं की रेडिओवरच्या बायकांपेक्षा ही काही कमी नाही. 1953 मध्ये त्याने सिअर्स या दुकानातून 17 डॉलरची हार्मनी कंपनीची गिटार आणली. शिकवायला कोणी नव्हतं. मुलं झोपली की ती वाजवत बसायची, आणि हळूहळू स्वतःची गाणी रचायला लागली. स्टेजवर जायला ती घाबरायची, तिला तिथे ढकलणारा डूच.

फेब्रुवारी 1960 मध्ये झिरो रेकॉर्ड्स या चिमुकल्या कंपनीसाठी तिने पहिलं गाणं ध्वनिमुद्रित केलं, 'आय अ‍ॅम अ हाँकी टाँक गर्ल'. जाहिरातीला पैसा नव्हता. दोघं नवरा-बायको गाडीत बसले आणि एकेका रेडिओ स्टेशनवर स्वतः जाऊन रेकॉर्ड देत सुटले. झोपायचं गाडीत, खायला पाव आणि बलोनी, म्हणजे मांसाच्या स्वस्त चकत्या. अनाउन्सर रेकॉर्ड लावेपर्यंत ती तिथून हलायची नाही. गाणं कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 14 व्या क्रमांकापर्यंत चढलं, आणि 15 ऑक्टोबर 1960 ला ती ग्रँड ओल ऑप्रीवर गायली. 1925 पासून नॅशव्हिलहून रेडिओवर चालत आलेला हा कार्यक्रम. कंट्री गाणाऱ्याला तिथे बोलावणं येणं म्हणजे आपल्याकडे सवाई गंधर्वच्या मंचावर बसायला मिळण्यासारखं.

पुढच्याच वर्षी पॅट्सी क्लाइनचा भीषण मोटार अपघात झाला. लोरेटाने रेडिओवर पॅट्सीचंच एक गाणं तिच्यासाठी म्हटलं. पॅट्सीने ते हॉस्पिटलच्या खाटेवर ऐकलं आणि या नव्या मुलीला घेऊन यायला नवऱ्याला पाठवलं. तिथून मैत्री झाली. मेकअप कसा करायचा, आयोजकाकडून कार्यक्रमाचे पैसे आधी कसे घ्यायचे, हे पॅट्सीने शिकवलं, वापरायला कपडेही दिले. 5 मार्च 1963 ला पॅट्सी विमान अपघातात गेली. पुढच्या वर्षी लोरेटाला जुळ्या मुली झाल्या, त्यातल्या एकीचं नाव पॅट्सी.

आता गाण्यांकडे येते, कारण खरं उत्तर तिथे आहे. बाईच्या बाजूने गाणारी ती पहिली नव्हे. किटी वेल्सने 1952 मध्येच पुरुषांना जाब विचारणारं गाणं म्हणून पहिला क्रमांक मिळवला होता. पण लोरेटाची भाषा वेगळी. एकदा कार्यक्रमाआधी एक बाई रडत तिच्याकडे आली. माझा नवरा दुसऱ्या बाईला घेऊन पुढच्या रांगेत बसलाय, म्हणाली. लोरेटाने पडद्याआडून त्या दुसरीला नीट न्याहाळलं आणि हिला सांगितलं की तुझा नवरा पळवण्याइतकी ती बाईच नाही. त्या वाक्याचंच 1966 चं 'यू एन्ट वुमन इनफ' झालं. डू प्यायचा, बाहेर लफडीही करायचा. त्यावर बहिणीबरोबर लिहिलेलं 'डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन' 1967 मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. तिचं ते पहिलंच अव्वल गाणं. पिऊन येशील आणि वर प्रेमाची अपेक्षा करशील तर घरी येऊच नकोस, इतकं सरळ. वर्षभराने आलेलं 'फिस्ट सिटी' तर डूवर डोळा ठेवणाऱ्या बाईला दिलेली चक्क मारामारीची धमकी आहे.

मग 'द पिल'. 1972 मध्ये ध्वनिमुद्रित झालं, कंपनीने बाहेर काढलं 1975 मध्ये. हे तिने लिहिलेलं नव्हतं, पण सहा मुलांच्या आईखेरीज ते कुणाच्या तोंडी शोभलं असतं? वर्षामागून वर्षं पोटुशी राहून कंटाळलेली बाई नवऱ्याला सांगते की आता माझ्याकडे गर्भनिरोधक गोळी आहे, तुझी ही कोंबड्यांची खुराडी मी मोडणार. अनेक रेडिओ स्टेशनांनी ते वाजवायला नकार दिला. तरी कंट्रीच्या यादीत ते पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. खेड्यापाड्यातले डॉक्टर येऊन आपल्याला सांगत की सरकारी पत्रकांनी झालं नाही ते या गाण्याने झालं, असं ती सांगायची. 1972 मध्येच कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वश्रेष्ठ कलाकाराचा सन्मान तिला मिळाला होता, आणि तो मिळवणारी ती पहिली स्त्री.

कॉनवे ट्विटी या गायकाबरोबरची द्वंद्वगीतं, 1976 चं आत्मचरित्र, त्यावरचा 1980 चा सिनेमा आणि त्यात लोरेटा झालेल्या सिसी स्पेसेकला मिळालेलं ऑस्कर, ही माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. मला बोलायचंय डूबद्दल, कारण लोक घाईने एक बाजू घेतात. तो नसता तर गिटार नसती, गाडीतला तो प्रवास नसता. आणि त्यानेच तिला आयुष्यभर रडवलं. तो हात उचलायचा, आणि मीही दुपटीने परत करायचे, असं ती स्वतः सांगे. 1996 मध्ये तो गेला तेव्हा लग्नाला 48 वर्षं झाली होती. शेवटच्या आजारपणात तिने कार्यक्रम कमी करून त्याची शुश्रूषा केली. आज मी हे कुठल्याही मुलीला आदर्श म्हणून सांगणार नाही. पण तिने यातलं काहीच झाकलं नाही, म्हणून माझा तिच्यावर विश्वास आहे.

त्याआधी, 1984 मध्ये, तिचा मोठा मुलगा त्यांच्याच जमिनीतून वाहणाऱ्या नदीत बुडाला होता. त्यातूनही ती उभी राहिली. वयाच्या 72 व्या वर्षी, 2004 मध्ये, रॉक वाजवणाऱ्या जॅक व्हाइटला हाताशी धरून तिने 'व्हॅन लिअर रोझ' हा अल्बम केला आणि दोन ग्रॅमी घेतली. 4 ऑक्टोबर 2022 ला ती टेनेसीतल्या हरिकेन मिल्सच्या आपल्या घरी, झोपेतच गेली.

या हरिकेन मिल्सला मी आईला घेऊन गेले होते. आई तेव्हा साताऱ्याहून तीन महिने आमच्याकडे राहायला आली होती. तिथे लोरेटाच्या जन्मघराची प्रतिकृती उभी केलेली आहे. आईने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्यात आठ पोरं?" परत निघताना मी गाडीत तिचं 'कोल मायनर्स डॉटर', म्हणजे 'कोळसा खाणकामगाराची मुलगी', लावलं आणि ओळीओळीचा अर्थ सांगत गेले. कंदिलाच्या उजेडात बायबल वाचणारी आई, धुण्याच्या फळीवर घासून रक्ताळलेली तिची बोटं, कोळसा उपसणारा बाप. आई म्हणाली, "माझी आई जात्यावर असंच म्हणायची गं. बापाचं, भावाचं, सगळ्यांचं नाव घेऊन."

ऐकायला सुरुवात याच गाण्याने करा. 1970 चं आहे. मुळात दहा कडवी होती. निर्माता ओवेन ब्रॅडलीने तिला चार गाळायला लावली. शब्द कळले नाहीत तर गीत समोर ठेवून ऐका, इंग्रजी अगदी साधं आहे.

गाणं संपल्यावर आईने विचारलं, "तिच्या बापाने ऐकलं का हे?" नव्हतं ऐकलं. तो 1959 मध्ये, बावन्नाव्या वर्षी गेला. तिची पहिली रेकॉर्ड निघाली त्याच्या पुढच्या वर्षी. हे सांगितल्यावर आई थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "परत लाव."

जेमतेम तीन मिनिटांचं गाणं आहे. हायवेला लागेपर्यंत आम्ही ते तीनदा ऐकलं.