मुलगी प्रयोगशाळा सोडायचं म्हणते आहे

प्रश्न : माझी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. गुण उत्तम. पण पीएच.डी. न करता तिला आरोग्य-संवादात, म्हणजे आरोग्याची माहिती लोकांपर्यंत पोचवण्याचं, काम करायचंय. तिचे बाबा म्हणतात, ‘एवढं शिकून पोपटपंची करायची?’ तिची समजूत कशी काढू? – एक आई

उत्तर : ताई, समजूत तिच्या बाबांची काढावी लागेल असं दिसतंय.

शोध लागला म्हणजे तो लोकांना पटतोच असं नाही. व्हिएन्नात १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि त्यांच्या विभागातले बाळंतिणींचे मृत्यू काही महिन्यांत शेकडा १८ वरून दोनच्या आसपास आले. याहून सज्जड पुरावा कुठला? तरी बहुतेक डॉक्टरांनी तो मानला नाही. सेमेलवाइस यांनी सविस्तर पुस्तक काढलं ते १८६१ मध्ये, आणि विरोधकांना जाहीर पत्रांतून चक्क खुनी म्हटलं. असं म्हटल्यावर कोण ऐकणार!

आता दुसरं टोक. जुलाबांवर मीठ-साखरेचं पाणी गुणकारी ठरलं, तेव्हा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये त्याला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० पासून ते घरोघर शिकवत फिरल्या : चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. मिश्रण आईच्याच हातून करवून घ्यायचं. नंतर तपासनीस येणार, आणि आयांच्या जितकं लक्षात राहिलं असेल त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरणार. आयांना सगळं पाठ झालं, तरी मूल आजारी पडलं की हे पाणी देणाऱ्या थोड्याच. शोध घेतला तर कळलं, खुद्द कार्यकर्त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता! मग हे पाणी शरीरात काय करतं ते त्यांना नीट समजावलं. मग कार्यकर्त्या आधी स्वतः घोट घेऊन दाखवू लागल्या. पुरुषांना विचारलंच नव्हतं, म्हणून बाजारात आणि मशिदीत जाऊन त्यांच्याशीही बोलणं सुरू झालं.

पोपटपंची यात कुठे आहे? निरीक्षण, मोजमाप, चुकलं तर पद्धत बदलणं, हे मुलगी प्रयोगशाळेत करते तेच आहे. फक्त माणसं परीक्षानळीसारखी गप्प बसत नाहीत.

एम.एस्सी. मात्र पुरी करायला लावा. पुढे जनआरोग्यातली पदव्युत्तर पदवी घ्यावी, आणि त्यात संख्याशास्त्र व वर्तनशास्त्र टाळू नये. (संख्याशास्त्र टाळणारेच फार भेटतात.) नोकऱ्या बऱ्याचदा प्रकल्पापुरत्या असतात, निधी संपला की काम संपतं. बाबांची काळजी या बाबतीत खरी आहे.

तिला एक विचारा : लस नको म्हणणाऱ्या माणसासमोर ती तासभर, मध्ये न बोलता, त्याचं म्हणणं ऐकत बसेल का? बोलण्याचीच हौस असेल तर विज्ञान पत्रकारितेची वाट वेगळी आहे, तीही वाईट नाही. अजून ठरत नसेल, तर सुट्टीत एखाद्या आरोग्य सर्वेक्षणात प्रश्नावली घेऊन दारोदार फिरू द्या. परत आल्यावर तिनेच मला लिहावं.