पन्नाशीत नवरा बिथरलाय, वय म्हणून सोडून द्यायचं का?

समुपदेशनात हा प्रश्न सारखा येतो आणि विचारणारी बहुतेक वेळा बायकोच असते. एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

सिंहगड रोडवरचं जोडपं. नवरा ५२ चा, आयुष्यभर सरळमार्गी, आणि वर्षभरात बुलेट घेतली, जिम लावली, ऑफिसमधल्या पंचविशीतल्या मुलीला रात्री अकरा-अकराला मेसेज, मग साहेबांशी भांडून राजीनामा आणि आता घरी बसून ऑप्शन्स ट्रेडिंग, म्हणजे शेअर बाजारातले जोखमीचे सौदे. बायको म्हणाली, "ताई, सगळे हसतात, मिडलाइफ क्रायसिस आहे, उतरेल म्हणतात. थांबू का?"

मला त्या हसण्याचाच राग येतो. सिनेमात असा माणूस बघायला मजा येते, नोकरीला लाथ मारतो, गाडी घेतो, आपण मनातल्या मनात टाळ्या वाजवतो, बायको तेवढी कटकटी दाखवलेली असते आणि दोन तासांत तो मरतो तरी नाहीतर शहाणा होतो. हप्ते कोण भरतं ते काही दाखवत नाहीत! इथे फ्लॅटवर टॉप-अप लोन काढलेलं, मुलगी बारावीला. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये आकडे काढले तेव्हा फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या आपल्यासारख्या लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले होते, हा त्यातलाच.

म्हणून तिला म्हटलं, थांबू नका, पण बुलेट आणि ऑफिसातली मुलगी यावरचं भांडण सध्या बाजूला ठेवा, आधी पैसे. तुमचा पगार वेगळ्या खात्यात, घराची कागदं ताब्यात, आणि नवीन कर्जावर सही मागितली तर सरळ नाही म्हणायचं.

तो आला लेकीच्या आग्रहाखातर, हाताची घडी घालून. मी ऑफिसातल्या मुलीचा विषयच काढला नाही, वडिलांबद्दल विचारलं. वडील ५३ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेलेले आणि ह्याला मार्चमध्ये ५३ वं लागणार. "मॅडम, एकच वर्ष उरलंय असं धरून चाललोय मी." हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. मनोविश्लेषक एलियट जाक्सने १९६५ च्या लेखात हेच मांडलेलं, की आयुष्याच्या मध्यावर स्वतःचं मरण खरं वाटायला लागतं आणि माणूस त्यापासून पळत सुटतो.

पण सगळं मनावर ढकलून चालत नाही. झोप तीन-चार तास, चिडचिड, रोजची दारू, म्हणून सायकियाट्रिस्टकडे पाठवलं आणि कार्डिओलॉजिस्टकडेही, वडिलांची हिस्टरी होतीच. पुरुषांचं डिप्रेशन कित्येकदा रडण्यातून नाही, रागातून आणि उधळपट्टीतून दिसतं. शिवाय बायपोलर, म्हणजे मूड दोन टोकांना जाण्याचा आजार, असू शकतो, थायरॉइड असू शकतं, आणि ह्या वयात स्वभाव एकदम पालटून माणूस लाजलज्जाच सोडतो तेव्हा क्वचित डिमेन्शियाची सुरुवातही असते, ते तपासावंच लागतं. ह्याचं डिप्रेशन निघालं. गोळ्या सुरू झाल्या. येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव काढल्यावर मात्र उठूनच गेला, नंतर स्वतःहून फोन करून पत्ता विचारला.

आता कमी पगाराची नोकरी आहे चाकणला, लोन चालूच आहे. मेसेजचं तिने माफ केलेलं नाही, आणि कर असं मी म्हणतही नाही, तो तिचा प्रश्न.

तुमच्याकडे असं चालू असेल आणि तो "मी गेलो की सुटाल" असलं काही बोलायला लागला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याला एकटं सोडू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, रात्रीसुद्धा उचलतात, मराठीतही बोलता येतं.