माझ्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलं असेल तर काय करायचं?

घरी परत जाऊ नका. केंद्राध्यक्षांकडे टेंडर वोट मागा, म्हणजे मशीनऐवजी कागदी मतपत्रिकेवर द्यायचं मत. कागदोपत्री त्याला प्रदत्त मत म्हणतात, निवडणूक नियमांतला नियम ४९ पी. ओळखीच्या प्रश्नांची उत्तरं बरोबर दिलीत तर ते नाकारायचा अधिकार कोणालाच नाही.

७ मे २०२४ ला लोकसभेच्या मतदानात मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका केंद्रावर केंद्राध्यक्ष होते. भर दुपारी एक आजी आल्या. मार्क कॉपीत, म्हणजे मत दिलेल्यांच्या खुणा करायच्या मतदार यादीत, त्यांच्या नावाखाली लाल रेघ, बाईमाणूस म्हणून टिकमार्कही, रजिस्टरला कोणाचा तरी अंगठा. आजींच्या बोटाला मात्र शाईचा ठिपका नाही. आमचे एक नंबरचे अधिकारी म्हणाले, "तुमचं झालंय आजी, जा घरी." पोलिंग एजंट माना खाली घालून बसलेले. आजी माझ्याकडे वळल्या, "बाई, मी तर आत्ता रानातनं येतीया."

मी फोन लावला तर वरून उत्तर आलं, "कशाला वाढवताय? रात्री पाकिटं जमा करताना ताप होईल." मी ऐकलं नाही. आधार कार्ड पाहिलं, नवऱ्याचं नाव विचारलं, १७ ब वर, म्हणजे टेंडर मतांच्या यादीच्या फॉर्मवर, अंगठा घेतला आणि कागदी मतपत्रिका हातात दिली. आजींनी कप्प्यात जाऊन बाणफुलीचा शिक्का मारला, घडी घालून माझ्याकडे दिली. ती वेगळ्या पाकिटात गेली.

आमच्या शाळेतले एक सर अजून मला म्हणतात, "ती मतं मोजतच नाहीत, मग एवढा आटापिटा कशासाठी?" नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, खरंय. पण २०२४ लाच मुंबई उत्तर पश्चिमला निकाल ४८ मतांनी लागला. राजस्थानात २००८ च्या विधानसभेला काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले आणि कोर्टातल्या भांडणात टेंडर मतंही आली. पाकीटच नसेल तर कोर्ट उघडणार काय? शिवाय १७ ब कोरा राहिला की त्या केंद्रावर बोगस मतदान झालंच नाही, असं कागद बोलतो. सरांना तेच हवं असेल तर असो, मला नको.

तेवढ्यावर फेरमतदान होत नाही हेही सांगते. टेंडर मतं १४ टक्क्यांवर गेली की फेरमतदान, हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज खोटा आहे. आणि यादीत नावच नसेल तर यातलं काहीच लागू नाही, त्यासाठी निवडणुकीआधीच फॉर्म ६ भरावा लागतो.