आधी बेट, मग पक्षी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

एप्रिलमध्ये राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात जाण्याचा तुझा बेत वाचला. सोबतची पक्ष्यांची यादी नेटकी आहे, परंतु तिच्यात नदी कुठेच नाही, म्हणून हे लिहीत आहे. चक्रवाक आणि पट्टकदंब हे हिवाळी पाहुणे तोवर बहुतेक परतलेले असतील. त्याची खंत करू नकोस, कारण चंबळेचा खरा हंगाम उन्हाळ्यातच असतो.

मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात पसरलेले हे अभयारण्य मुख्यतः घडियालांसाठी, म्हणजे लांब निमुळत्या जबड्याच्या मगरींसाठी, घोषित झाले. मात्र घडियालाला अंडी घालण्यासाठी जी उघडी वाळू लागते, तीच पाणचिरा आणि नदी सुरय या पक्ष्यांनाही लागते. पाणचिऱ्याची खालची चोच वरचीहून लांब असते व ती पाण्यात बुडवून, पृष्ठभाग चिरत तो मासे टिपतो. हे दृश्य तुझे सारे लक्ष वेधून घेईल, यात शंका नाही. त्याचे घरटे मात्र नदीपात्रातल्या वाळूच्या बेटावरचा साधा खळगा असतो आणि त्याची सुरक्षितता सभोवतालच्या पाण्यावर अवलंबून असते. वरच्या बाजूला धरणांत अडवलेले पाणी आणि काठावरचा उपसा यांमुळे पात्र उतरले, की बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री व कोल्हे चालत अंड्यांपर्यंत पोहोचतात. उलट अचानक पाणी सोडले, तर तीच अंडी वाहून जातात. बंदी असूनही होणारी वाळूचोरी तर बेटच नाहीसे करते.

म्हणून वहीत पक्ष्याच्या नावाआधी बेटाची स्थिती लिही: काठापासून ते किती दूर आहे, मधला प्रवाह गुरांना ओलांडता येईल इतका उथळ आहे का, वाळूवर कोणाचे ठसे आहेत, काठावर कलिंगडाच्या वाड्या कुठवर आल्या आहेत. मातीच्या उभ्या दरडींतील कवड्या खंड्याची बिळे आणि गोट्यांवर वावरणारी नदी टिटवी यांची नोंदही अशीच जागेसह कर.

छायाचित्रासाठी बेटावर उतरू नकोस, नावाड्याने आग्रह केला तरीही. पक्षी अंड्यांवरून उठला, की तापलेल्या वाळूत ती काही मिनिटांतच निकामी होऊ शकतात.

शक्य असल्यास जूनच्या आरंभी, पावसाआधी, त्याच बेटांची पुन्हा पाहणी कर. एप्रिलच्या नोंदीतून अंडी घातल्याचे कळेल. पिल्ले तगली की नाही, हे त्या दुसऱ्या फेरीशिवाय कळणार नाही.

तुझा स्नेहांकित