पायथॉनमध्ये मोठी सीएसव्ही वाचताना मेमरी भरते. तीच ती स्ट्रिंग पुन्हा पुन्हा साठणं कसं टाळू?

सिस मॉड्यूलमधलं इंटर्न फंक्शन (sys.intern) वापरा; ते एकसारख्या स्ट्रिंगची एकच प्रत ठेवतं आणि दर वेळी तीच परत देतं. सीएसव्ही रीडर दर ओळीतल्या ‘कोल्हापूर’साठी नवी स्ट्रिंग बनवतो. जिल्हे 36च, पण ओळी दहा लाख असतील तर त्या एका रकान्यापायी दहा लाख ऑब्जेक्ट! शिवाय देवनागरीत दर कोडपॉइंटला (अक्षर, काना, मात्रा अशा प्रत्येक युनिकोड चिन्हाला) 2 बाइट, वर प्रत्येक ऑब्जेक्टचं हेडर वेगळंच. वाचतानाच व्हॅल्यू इंटर्नमधून घ्या, म्हणजे 36 स्ट्रिंग उरतील आणि ओळीगणिक फक्त 8 बाइटचा पॉइंटर.

मोबाइल नंबर, पत्ते मात्र मुळीच इंटर्न करू नका. ते क्वचितच पुन्हा येतात, उगाच इंटर्न केलेल्या स्ट्रिंगचं टेबल फुगतं.

पांडाज (पायथॉनची डेटा हाताळायची लायब्ररी) वापरत असाल तर रकान्याचा टाइप सरळ कॅटेगरी करा. 36 व्हॅल्यूंना दर ओळीला 1 बाइटचा कोड पुरतो.